पडलेल्या माडाचा खटला

चौलचे देवदत्त गुरुजी आणि त्यांचा चुलतभाऊ हरी यांचं भांडण एका माडावरून. माड उगवलेला गुरुजींच्या वाडीत, पण वाकलेला हरीच्या वाडीवर. मग नारळ कोणाचे? आता हे काय कोर्टात नेण्यासारखं होतं? पण गेले ना दोघे अलिबागला! पुढे चक्रीवादळात माडच आडवा झाला, हरीचं कुंपण घेऊन. दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. गुरुजी म्हणाले, "माड गेला, तत्त्व नाही गेलं."

आज सकाळीही कोर्टातल्या मध्यस्थ निवेदिताबाईंनी विचारलं होतं, "बसून मिटवता का?" गुरुजींनी मान फिरवली, हरीने नाक मुरडलं. झालं! गुरुजी साक्षीला उभे राहिले ते वर्ग घ्यावा तसे बोलत सुटले. माड आजोबांनी कसा लावला, पहिला नारळ कुठल्या देवाला दिला. न्यायाधीश ऐकतायत, वकील उठतायत-बसतायत, शिपाई पाणी आणतोय. सगळा सरकारी लवाजमा नसलेल्या झाडापायी!

मागच्या बाकावर रेवदंड्याची सखुबाई सकाळपासून ताटकळत होती. मासळी वाळवायच्या जागेकडे जायची तिची वाट एका बंगलेवाल्याने तारा ठोकून अडवली होती. ऐन हंगामात बोंबील घरात सडत होते. तिचं नाव पुकारायच्या आत कोर्ट उठलं, आणि उद्यापासून दिवाळीची सुट्टी.

व्हरांड्यात ती गुरुजींजवळ आली. "लई बोललात गुरुजी. मोठा आसंल न्हाय तुमचा माड?"

गुरुजींना खोटं बोलायचीही सोय नव्हती, हरी शेजारीच उभा.

"पडला तो. वादळात."

"मंग आज..." तिने पदराने तोंड पुसलं आणि एसटी स्टँडकडे चालू लागली.

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हरी, चल," ते म्हणाले. हरी मागे आला. निवेदिताबाई खोलीला कुलूप लावत होत्या.

"बाई, आम्हाला मिटवायचंय."

"आता सुट्टीनंतर या." त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली. "सकाळीच मिटवलं असतंत, तर त्या सखुबाईंचं आज ऐकून झालं असतं हो. तुमच्यामागे त्याच होत्या."

गुरुजी तसेच स्टँडकडे धावले. रेवदंड्याची गाडी उभी होती. खिडकीत सखुबाई बसलेली दिसली, आणि गुरुजी पुढे जायचं सोडून एका खांबाआड उभे राहिले, गाडी सुटेपर्यंत.