शंभराव्या दिवसाचं सरबत

मित्रांनो, मी एक जुनी ओंगी आहे. कपाळाला आठ्या घालू नका, सांगते. ओंगी म्हणजे कोरियातली मातीची बरणी. रंगाने तपकिरी, पोटाने गरगरीत, डोक्यावर मातीचंच झाकण. वयाची साठी केव्हाच उलटली. सध्या मुक्काम कुवेतमध्ये, फिंतासला, एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर. आता कोरियातली बरणी मराठी कशी बोलते, तर ती सगळी फखरुन्निसाची कृपा. ही बाई इथे स्वयंपाकाला येते आणि दिवसभर भांड्यांशी बोलते. कुकर सोडला तर आमच्यापैकी कोणी तिला उलटून बोलत नाही. सहा वर्षं तिचं ऐकून ऐकून मीसुद्धा रत्नागिरीकडची झाले आहे.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याशी एका कुंभाराकडे झाला. त्याने मला चाकावर चढवलं, थापटलं आणि भट्टीत घातलं. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं आहेत. त्यांतून मी श्वास घेते. याचंच सगळे कौतुक करायचे, आणि यानेच पुढे माझा घात केला.

मला घरी नेलं ते ओकसूनने. तेव्हा ती नवी नवरी होती. ती तांदूळ वाफवायची, आंबवण्यासाठी त्यात खमिराची वडी कुस्करायची, पाणी घालायची आणि माझ्या पोटात भरून ठेवायची. आठवड्यात माकगोली तयार. ताकासारखी पांढरी, आंबटगोड, आणि हो, डोक्यात चढणारी. दारूच ती, मी लपवणार नाही. भातलावणीच्या दिवसांत दुपारी माणसं बांधावर बसून पितळी वाट्यांतून ती प्यायची आणि ओकसूनचं नाव काढायची. थंडीत ती मला घासून माझ्यात शिख्ये घालायची. ते मात्र पोराबाळांचं पेय, मोड आलेल्या सातूचं गोड पाणी आणि त्यावर तरंगणारी भाताची शितं.

तिथली एक रीत लक्षात ठेवा. पेय ओतताना एक हात चालतो, पण तो बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसाला. मोठ्या माणसाला ओतायचं तर दोन्ही हात लागतात. ओकसूनने दोन हातांनी ओतलेलं मी सासऱ्यापुढे पाहिलं आणि सणाच्या दिवशी पूर्वजांपुढे. बाकी कोणापुढे नाही. बाई भारी मानी.

मग दिवस फिरले. शहरातून सोजू नावाच्या दारूच्या हिरव्या बाटल्या आल्या, डब्यातली कॉफी आली, केळ्याच्या चवीचं दूध आलं. घरी कोणी माझ्यात काही घालेना. मला अंगणात दाराशी उभं केलं आणि माझ्यात छत्र्या ठेवल्या. बावीस वर्षं, मित्रांनो. ओल्या छत्र्यांचं पाणी पोटात साचायचं आणि त्यात डास व्हायचे. त्याहून जास्त मी सांगत नाही.

ओकसूनच्या नातीने, हेजिनने, मला तिथून सोडवलं. तिच्या नवऱ्याला कुवेतमध्ये रिफायनरीच्या कामावर नोकरी लागली. तिची आई म्हणत होती, भात शिजवायचं यंत्र ने. हेजिनने यंत्र तिथेच ठेवलं आणि मला दोन गोधड्यांत गुंडाळून आणलं.

या देशात दारूला बंदी आहे. मला त्याचं काही वाटलं नाही, तरुणपणचे उद्योग म्हातारपणी कशाला हवेत? मी खुशाल शिख्ये करू लागले. रमजानमध्ये फखरुन्निसा ते थर्मासमध्ये भरून रोजा सोडायला घरी न्यायची. तिचा नवरा नूरुद्दीन फहाहीलला शिवणकाम करतो, त्याला ते फार आवडायचं. मुलीला, आफियाला, नाही आवडायचं. ती बारा वर्षांची, कोरियन मालिका बघून बघून ती भाषा शिकलेली, पण प्यायला मात्र सालमियाच्या दुकानातलं कोरफडीचे तुकडे घातलेलं बाटलीतलं पाणीच हवं. ती बाटली फ्रिजमधून माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात हेजिनचे दिवस भरत आले. मे संपता संपता कोरियाहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर म्हातारीने, ओकसूनने, पाच किलो मेसिल पाठवले. ही हिरवी, आंबट, जर्दाळूच्या जातीची फळं. म्हातारीच्या दारातल्या झाडाची. बरोबर फोनवर निरोप, "फळांइतकीच साखर घालून ओंगीत भर. शंभर दिवसांनी सरबत होतं. बाळाचाही शंभरावा दिवस तेव्हाच येईल. मी येईन आणि झाकण माझ्या हाताने उघडेन." आमच्याकडे मूल शंभर दिवसांचं झालं की मोठा सोहळा करतात. हेजिनने मला काठोकाठ भरलं, तोंडावर फडकं बांधलं आणि कोपऱ्यातल्या सावलीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. मुलगी झाली. आठवडाभर घर फखरुन्निसाच्या ताब्यात होतं.

आता ऐका काय झालं. फखरुन्निसाच्या माहेरी दर उन्हाळ्यात कोकमाचं सरबत करतात. पिकले रातांबे फोडायचे, सालींच्या वाट्यांत साखर भरायची, बरणीत रचायच्या, तोंडाला दादरा बांधायचा आणि बरणी उन्हात ठेवायची. ऊन नाही दाखवलं तर साखर विरघळत नाही. तिने माझ्यात डोकावून पाहिलं, तर तळाला साखर तशीच पांढरी.

"अगं बाई," ती मला म्हणाली, "एसीत बसून कसं होईल तुझं? मॅडमना बाळंतपणात सुचलं नसेल. चल, तुला ऊन देते."

आणि तिने मला उचलून बाल्कनीत नेलं. कोकणातलं ऊन वेगळं आणि जूनमधलं कुवेतचं वेगळं. वर शेजारच्या एसीचा गरम वारा. पाच दिवस ती रोज सकाळी येऊन मला फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "बघ, सुटलं की नाही पाणी?" पाणी सुटलं, त्यात बुडबुडेही आले. पाचव्या दिवशी तिने मला पुन्हा कोपऱ्यात नेऊन ठेवलं, खूश होऊन.

हेजिन बाळाला घेऊन घरी आली आणि तिने आधी माझं फडकं सोडलं. वास तिच्या नाकात गेला आणि ती तशीच खाली बसली. फेस चढला होता. सरबताची दारू झाली होती.

मित्रांनो, आता जे सांगते ते मी तेव्हा कोणाला सांगू शकले नाही. दोष एकट्या उन्हाचा नव्हता. माझ्या अंगातल्या त्या बारीक भोकांत जुनं खमीर मुरून बसलेलं होतं. उन्हाची ऊब मिळताच ते जागं झालं. आणि तो वास आला तेव्हा, लाज वाटते सांगायला, मला क्षणभर बरंच वाटलं.

"काय झालं, मॅडम?" फखरुन्निसाने विचारलं.

हेजिन तिला इमो म्हणते, म्हणजे मावशी. दोघी हिंदी, इंग्रजी आणि थोडी अरबी मिसळून बोलतात. "इमो, ही दारू झाली. घरात ठेवता येणार नाही," एवढंच ती म्हणाली. मग तिने म्हातारीच्या झाडाची सगळी फळं मोरीत ओतली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

फखरुन्निसा घरी जाताना माझ्यापुढे थांबली. "माझ्या हातून दारू झाली," ती म्हणाली. "आणि त्या लेकराच्या सरबताची." तिचे डोळे भरून आले होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, ती मी केली. पण बरणीचं कोण ऐकतं?

दोन दिवसांनी हेजिन म्हणाली, "ओंगी खाली कचऱ्याजवळ ठेवून ये, इमो. हिला आता तीच सवय लागेल. आजीला सांगेन, फुटली."

फखरुन्निसा भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. "नका सांगू असं. बिघडलं ते माझ्या हातून. हिला का खोटंच फोडता? म्हातारी येईल तेव्हा मी स्वतः सांगेन. कामावरून काढलंत तरी चालेल."

"तुला कोण काढतंय," हेजिन म्हणाली आणि दोघी रडल्या. तेवढ्यात बाळ उठलं, म्हणून बरं.

मग फखरुन्निसाने मला धुवायला घेतलं. सात वेळा कढत पाण्याने. शेवटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पालथं घालून अर्धा तास वाफवलं. माझ्या अंगातलं कानाकोपऱ्यातलं खमीर निघालं असावं, कारण मला इतकं हलकं साठ वर्षांत वाटलं नव्हतं. नूरुद्दीनच्या गावचा तौफीक सुटीहून परत येत होता. त्याच्याबरोबर तिने माहेरच्या झाडाचे रातांबे मागवले. हंगाम संपत आलेला, शेवटचे, पावसात भिजलेले चार किलो. फळं फोडली, सालींत साखर भरली, त्या माझ्यात रचल्या. आणि या वेळी तिने हेजिनला विचारलं, "कुठे ठेवू?"

"सावलीत," हेजिन म्हणाली.

"साखर विरघळेल?"

"हळूहळू."

पुढचे पंच्याऐंशी दिवस फखरुन्निसा रोज आली की चप्पल काढायच्या आधी माझ्यावर कान ठेवायची. बुडबुड्यांचा आवाज येतो का ते बघायला. माझी मजाल होती का बुडबुडा सोडायची? श्वाससुद्धा जपून घेत होते.

सप्टेंबरात ओकसून आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, काठी टेकत. बाळाला नवे कपडे घातले होते, ताटात तांदळाच्या वड्या होत्या. कोरफडीचं बाटलीतलं पाणीही होतं, आफियासाठी. म्हातारी थेट माझ्यापाशी आली, गुडघे टेकून बसली आणि तिने फडकं सोडलं. आत हिरवंपिवळं असायला हवं होतं. होतं लालभडक.

हेजिनने खाली पाहिलं. फखरुन्निसा स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली आणि मुलीला म्हणाली, "सांग त्यांना. काही लपवू नकोस. उन्हात मी ठेवली म्हणून सांग."

आफियाने मालिकांतून शिकलेल्या कोरियनमध्ये सगळं सांगितलं. ऊन, फेस, मोरी, रातांबे. म्हातारी मान हलवत ऐकत राहिली. मग तिने पळी बुडवून चाखलं.

"ओमिजा?" तिने विचारलं. ओमिजा हे तिकडचं लाल, आंबट फळ.

"कोकम," फखरुन्निसा म्हणाली.

म्हातारीने अजून एक घोट घेतला. मग माझ्या पोटावर टकटक केलं, अगदी पोरं लहान असताना त्यांच्या टाळक्यात मारायची तसं, आणि काहीतरी बोलली. आफिया हसत हसत आईकडे वळली.

"अम्मी, त्या म्हणतात, तुझी काहीच चूक नाही. ही बरणीच लबाड आहे. त्यांच्याकडेही दोनदा हिने असंच केलं होतं. उगाच शंभर दिवस जीवाला लावून घेतलंस."

बघा, मित्रांनो. मी जे सांगू शकले नाही ते शेवटी म्हातारीने सांगितलं. साठ वर्षांत कोणी इतकं गोड रागावलं नव्हतं मला.

मग तिने पहिला पेला भरला. मला वाटलं, आपल्यासाठी. पण ती काठी बाजूला ठेवून उठली, फखरुन्निसासमोर गेली आणि तो पेला तिच्यापुढे धरला, दोन्ही हातांनी. हेजिनच्या हातातली वडी तशीच राहिली. फखरुन्निसाला त्या रितीचं काही ठाऊक नव्हतं. तिच्याकडे मोठ्यांकडून काही घ्यायचं तर दोन्ही हात पुढे करतात, तसे तिने केले.

तर मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी बरणी असेल, तर तिला ऊन द्यायचं की सावली हे आधी विचारून घ्या. फडकं बांधा, पण करकचून नको, जीव घुसमटतो. आणि काय वाट्टेल ते करा, पण तिच्यात छत्र्या ठेवू नका.