‘वाढ’ लिहिलेली पाटी

“ताई, पाटी ल्हान हाय. थोडं लिवा, पर पुरं लिवा. अर्धं लिवलं तर ऱ्हायलेलं माणूस आपल्या मनानं लिवतो.”

मला भिंतीवर टांगताना बजरंग सुतार असं म्हणाला होता. इंदिराताई हसल्या. मीही मनातल्या मनात हसले. रंधा मारणाऱ्या माणसाला अक्षरातलं काय कळतंय, असं मला वाटलं. मला स्वतःला एक अक्षर लिहिता येत नव्हतं आणि तरी मी हा तोरा मिरवला. मित्रांनो, त्याची मला आज लाज वाटते.

मी एक जुनी पाटी आहे. शाळेत मुलं मांडीवर घेतात तसली नव्हे, भिंतीवरची. लोणावळ्याला स्टेशनापासून थोडं वर बायकांचं एक वाचनालय होतं. त्याला जोडूनच चित्रकलेचा आणि पाकक्रियेचा वर्ग चाले. १९३१ साली बजरंगने जांभळाच्या दोन फळ्या सांधून मला घडवलं. कोळशाची पूड सरसात कालवून अंगाला तीन वेळा फासली. लोणावळ्याच्या ओल्या हवेत मी फुगू नये म्हणून पाठीला पट्ट्या ठोकल्या. दाराच्या उजव्या हाताला, येणाऱ्याची नजर पहिली पडेल अशी माझी जागा होती.

वाचनालय सांभाळणाऱ्या इंदिराताई विधवा होत्या. आवाज बारीक, पण अक्षर असं की बघत राहावं. रोज सकाळी त्या मला ओल्या फडक्याने पुसत आणि बातम्या लिहीत. चित्रकलेच्या परीक्षेचे अर्ज कधी भरायचे, पुण्यात भरतकामाचं प्रदर्शन कुठे भरलंय, लोणच्यांचं पुस्तक कुणाकडून परत आलंय. वरच्या कोपऱ्यात एक चौकट मात्र कायमची आखलेली होती. तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘वाढ’. नवं पुस्तक आलं, नवे कुंचले आले, रांगोळीचे नवे नमुने आले, की त्या चौकटीत नोंद व्हायची. “दोन पुस्तके वाढली.” “तांबडा रंग वाढला.” मुली दारात शिरताना आधी तिकडे बघायच्या आणि आनंदाने आत धावायच्या.

त्या चौकटीपाशी सर्वांत जास्त वेळ उभी राहायची ती नंदाबाई.

नंदाबाई कार्ल्याची. वीस-बावीस वर्षांची असेल. घरी भाताची खाचरं होती. नवरा भिमाजी लेणी बघायला येणाऱ्यांचं सामान डोंगरावर चढवून द्यायचा. बाई मळवलीला गाडीत बसून वर्गाला यायची. हातात विलक्षण कला. एकदा वेल काढला की दुसरीला खडू हातात धरवत नसे. पण वाचता येत नव्हतं. इंदिराताईंनी तिला शिकवलं ते पुस्तकावर नाही, माझ्या अंगावर. तिचं बोट धरून त्यांनी माझ्या कोपऱ्यातल्या अक्षरांवरून फिरवलं होतं. व, व ला काना वा, ढ. वाढ. आयुष्यात तिने वाचलेला पहिला शब्द तो.

“म्हंजी नवं आल्यालं,” ती म्हणाली होती.

“बरोबर. वाढ म्हणजे नवं आलेलं,” इंदिराताई म्हणाल्या होत्या.

तीन वर्षं ती मला वाचत राहिली. खडूच्या फराट्यांवरून हळूच बोट फिरवायची, पुसलं जाऊ नये म्हणून हवेतल्या हवेत. रतनबाई नावाची तिची मैत्रीण चेष्टा करायची, “नंदे, पाटी वाचतीस का पोथी? कापूर लावू का?” नंदाबाई म्हणायची, “लाव की. तुजं नाव हितं येईल तवा तू बी उदबत्ती लावशील.” त्या हसायच्या तेव्हा मला माझ्या काळ्या अंगाचाही अभिमान वाटायचा.

मग १९३८ सालची संक्रांत आली.

वर्गाच्या चिटणीस वासंतीबाई होत्या. पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्या, इंग्रजी मासिकं मागवून वाचणाऱ्या. त्यांचा अंतू दहा महिन्यांचा होता आणि त्याची ही पहिली संक्रांत. बाई फार धास्तीच्या. मूल शिंकलं तरी त्यांचा चेहरा उतरे. पाळण्याची दोरी त्या दिवसातून चारदा ओढून बघत. त्याचं बोरनहाण वर्गातच करायचं ठरलं. मुलींनी शिकलेलं सगळं एकाच अंगावर दिसेल म्हणून हलव्याचे दागिने करायचे होते. चित्रकलाही तीच आणि पाकक्रियाही तीच. पाच दिवस मुली शेगडीशी बसून तिळावर पाकाचे थेंब सोडत होत्या. काटेरी, पांढराशुभ्र हलवा तयार झाला. हाराचा नमुना नंदाबाईने काढला होता. मधोमध हिरवा पोपट आणि दोन्हीकडे हिरवी पानं.

हिरवा रंग. सगळं तिथे येऊन थांबलं.

खायच्या पदार्थात घालायचा हिरवा रंग बाटलीच्या तळाशीही उरला नव्हता. आणि वाचनालयात जागेची अडचण, म्हणून कपाट एकच होतं. वरच्या फळीवर पाकक्रियेचं सामान, खालच्या फळीवर चित्रकलेचं. खालच्या फळीवर चित्रकलेच्या मास्तरांनी नुकताच मुंबईहून आणलेला हिरव्या पुडीचा पुडा होता. त्यावर सगळं इंग्रजीत छापलेलं होतं.

भोगीच्या सकाळी इंदिराताईंनी माझ्यावर लिहिलं. अजून प्रत्येक अक्षर मला आठवतं. “खाण्याचा हिरवा रंग संपला आहे. कपाटातील हिरवी पूड चित्रकलेची आहे. ती विषारी आहे. खाण्यात घालू नये.”

चार ओळी. पुऱ्या लिहिलेल्या. बजरंग बघता तर म्हणता, आता कसं.

तेवढ्यात वासंतीबाई अंतूला कडेवर घेऊन आल्या. मला वाचलं आणि जागच्या जागी थबकल्या.

“इंदिराताई, हे काय लिहिलंत?”

“रंगाचं. मुलींचा घोटाळा होऊ नये म्हणून.”

“ते कळलं हो. पण ‘संपला’, ‘विषारी’... उद्या माझ्या बाळाचं बोरनहाण आहे ना. दारातून आत आणताना त्याच्या डोळ्यांसमोर हे शब्द?” मग अडखळून, अगदी हळू आवाजात त्या म्हणाल्या, “माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, तुम्हाला माहीत आहे. पण मन खातं हो. आणि बायका काय म्हणतील? तुमच्या हातून सणाच्या तोंडावर असलं लिहिलेलं...”

पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. ‘तुमच्या हातून’ म्हणजे काय ते इंदिराताईंना नीट कळलं. हळदीकुंकवाला त्या नेहमी मागच्या खोलीत बसत असत.

त्यांनी फडकं उचललं.

मित्रांनो, तुमच्या घरीही वडीलधारी माणसं असं बोलत असतील. कुंकू संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. वाईट शब्द तोंडातून जाऊ नये, एवढीच त्यातली माया. इंदिराताईंनी चारही ओळी पुसल्या आणि तिथे बोरनहाणाचं आमंत्रण लिहिलं, वळणदार, नक्षी काढून. माझं सगळं अंग भरून गेलं. जागा उरली ती कोपऱ्यातल्या चौकटीत. तिथे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, “खाण्याचा हिरवा रंग वाढला आहे.”

वासंतीबाई समाधानाने हसल्या. अंतूने खडूचा तुकडा तोंडात घातला होता. तो त्यांनी चटकन बोट घालून काढला. “सगळं तोंडात घालतो मेला. दात येताहेत ना.”

मुलींना तोंडी सांगायचं इंदिराताईंच्या मनात होतं. पण त्या तिळगुळाच्या सामानासाठी बाजारात गेल्या आणि दुपारची गाडी नंदाबाईला घेऊन आली.

ती माझ्यापुढे उभी राहिली. हवेत बोट फिरवत तिने वाचलं, “खा-ण्या-चा हि-र-वा रंग वा-ढ-ला आ-हे.” चेहरा उजळला. “रतने, रंग आला गं बया! म्या म्हनलं पोपट पांढराच ऱ्हातुय का काय.”

मला ओरडावंसं वाटलं. पाटीला तोंड नसतं. एवढी वर्षं ते कधी खटकलं नव्हतं.

वरच्या फळीवर रिकामी बाटली होती. खालच्या फळीवर नवा, न फोडलेला पुडा. नवं आलेलं ते हेच, तिने ओळखलं. माझ्या अंगावर शिकलेला शब्द ती अगदी बरोबर वाचत होती. तिने पुडा फोडला. पोपट इतका सुरेख झाला की रतनबाईने त्याची दृष्ट काढली. इंदिराताई बाजारातून परतल्या तेव्हा हार झाकून ठेवून मुली घरी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अंतूला पाटावर बसवलं. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतले. पोरं वेचायला धावली. इंदिराताई नेहमीसारख्या मागच्या खोलीत बसल्या होत्या. सगळे हसत होते. वासंतीबाई हातभर अंतरावरून डोळ्यांत तेल घालून बघत होत्या, बोर नाकात तर नाही घालत, ऊस तर नाही टोचत. अंतूने पोपट तोंडात घातला तेव्हा त्याही हसल्या. हलवाच तो, आणि रंग इंदिराताईंनी बाजारातून आणला असेल. खाल्ला तर बिघडलं काय?

दिवेलागणीच्या आत मूल वांत्या करून निपचित पडलं.

डॉक्टर आले. तीन दिवस ते मूल या काठावर का त्या काठावर, कुणालाच कळत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले. अंतू वाचला, मित्रांनो. ही एक गोष्ट चांगली झाली. माझ्याजवळ सांगायला चांगली अशी ती शेवटचीच.

आठव्या दिवशी वर्गात सगळ्या जमल्या. रंग कुणी घातला, असं विचारल्यावर नंदाबाई उठून उभी राहिली.

“म्या घातला. पाटीवर लिवलं व्हतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोरी होते. कोपऱ्यातली चौकटसुद्धा कुणीतरी पुसून टाकली होती.

“चूक माझी,” इंदिराताई म्हणाल्या. “‘वाढला’ असं मी लिहिलं होतं.”

“मग वाढला म्हणजे संपला, एवढंही कळू नये?” मागून एक बाई म्हणाल्या. “खेड्यातल्यांना शिकवायचं ते असं अंगाशी येतं.”

“आमाला बी कळतं,” नंदाबाई म्हणाली. “आमी बी बांगडी वाढीवतो. पर ह्या पाटीवर वाढ म्हंजी नवं आल्यालं. तीन वर्सं म्या तेच वाचतीया. इंदिराताई, तुमीच शिकीवलं न्हवं? न्हाई म्हना की.”

इंदिराताईंना ‘न्हाई’ म्हणता आलं नाही. त्या खाली बघून रडत होत्या. आधीच्या चार ओळी का पुसल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायचं असतं तर वासंतीबाईंनी, आणि वासंतीबाई मांडीवरच्या अंतूची कुंची सारखी करत राहिल्या. दोनदा त्यांनी मान वर केली. दोनदा ओठ हलले. मी वाट बघितली. बाहेर पुण्याकडची गाडी शिट्टी देऊन निघून गेली तरी मी वाट बघत होते.

नंदाबाई पिशवी उचलून दाराकडे निघाली. जाताना माझ्यासमोर तिने बोट वर केलं नाही.

इंदिराताई त्याच महिन्यात तळेगावला भावाकडे निघून गेल्या. वर्ग बंद पडला, पुस्तकं गोण्यांत भरून कुठे गेली कळलं नाही. मला बजरंग परत घेऊन आला. आता मी त्याच्या शेडमध्ये भुश्शाच्या ढिगाला टेकून उभी आहे. सरस सुटलाय, सांध्यात वाळवी लागलीय. त्याचं मला दुःख नाही. लाकडाचं मरण असंच असतं.

एकदा वासंतीबाई आल्या होत्या, पाळण्याची कडी बसवून घ्यायला. दुसऱ्या बाळासाठी. अंतू बोट धरून होता, चार वर्षांचा, अंगाने किरकोळ. मला बघून त्या थांबल्या. पुसलेल्या चार ओळींच्या जागेवरून त्यांनी तळवा फिरवला.

“ही अजून आहे?”

“हाय की बाईसाब. न्हेता का घरी? पोराला अक्षरं काडाया हुईल.”

“नको,” त्या घाईने म्हणाल्या. अंतूचं बोट तोंडात गेलं होतं. ते काढून त्या निघाल्या.

नंदाबाईची खबर मला दत्तोबाकडून कळते. तो कार्ल्याचा, बैलगाडीच्या कामाला शेडमध्ये येतो. परवा बजरंगने त्याला विचारलं, “ती पोपटवाली कशी हाय रं?”

“कशी ऱ्हानार? भिमाजी लढाईच्या कारखान्यात गेलाय, बाई येकलीच. भाताची आवणी करती, गवत काडती. कुनाशी बोलत न्हाई. त्याचं पत्र आलं तर न फोडता चुलीम्होरं ठिवती. मळवलीच्या ठेसनावर पाटी लागली तर मान खाली घालती. म्हनती, मला वाचाया येत न्हाई.”

बजरंगने रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, “येत हुतं की तिला. लय चांगलं येत हुतं.”

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका. मला जाळलंत तरी चालेल. पाटीवर लिहायचं असेल तर पुरं लिहा, आणि शब्द अशुभ वाटला तरी तो पुसू नका, एवढं मी सांगीन. आणि एक मागणं आहे. कुणी कार्ल्याला गेलात, तर लेण्यांकडे चढण्याआधी गावात वळा. खाचरांच्या कडेला, दाराशी एकही रांगोळी नसलेलं घर नंदाबाईचं. ती जेवते का, चुलीपुढे पत्रं किती साठलीत, एवढं बघून या. ती दार लावून घेईल. तरी उभे राहा, आणि बाहेरूनच सांगा, की नंदाबाई, त्या दिवशी तू बरोबर वाचलं होतंस.