दुर्बिणीचं झाकण

वेधशाळेच्या नव्या दुर्बिणीला पहिला डोळा मंत्र्यांनी लावला. "वा! शनीचं कडं काय झळाळतंय!" लगेच सचिवांना दोन कडी दिसली, त्यांच्या मेव्हण्याला तीन.

संचालकांनी सहज दुर्बिणीच्या तोंडाकडे पाहिलं. पुढचं झाकण काढायचंच राहिलं होतं! आत उजेडाचा कणही शिरला नव्हता.

मंडळी चहाकडे वळताच त्यांनी झाकण काढून खिशात कोंबलं. तेवढ्यात मंत्री बायकोला घेऊन परतले.

"अगंबाई, एवढासाच?" बाई डोळा लावून म्हणाल्या.

मंत्री स्वतः डोकावले आणि भडकले. "बिघडवलीत ना दुर्बीण? मघाशी केवढा दिसत होता!"

संचालकांनी झाकण परत बसवलं. "आता बघा, साहेब."

"हां! आत्ता कसं!"