शिट्टीशिवाय पाय हलवायचा नाही

मी भीमराज सरांची शिट्टी बोलतेय. पितळेची, आडदांड आवाजाची. बोलतेय म्हणजे मनातल्या मनात. वाजून बरेच महिने झाले.

सर विक्रोळीच्या चाळीतले. त्यांच्या कॉलेजात फुटबॉलची पहिली टीम उभी राहिली तेव्हा ते तिच्यात होते, तेही उसन्या बुटांत. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला. तेव्हा त्यांच्या बायकोने, सोनूबाईने, मला आणून त्यांच्या गळ्यात अडकवलं. "घरात कुढत बसू नका. पोरांना शिकवा," म्हणाली.

सर त्याच कॉलेजात कोच झाले. मग काय, मैदानावर माझंच राज्य! सरांचा नियम एकच, शिट्टीशिवाय पाय हलवायचा नाही. आधी धावला तो बाहेर. भले भले टारगट माझ्यापुढे चळचळा कापायचे. सर खेकसायचे फार, पण उपाशी आलेल्या पोराला आपल्या डब्यातली अर्धी भाकर द्यायचे.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालं. तशात कॉलेजने बोलावलं, यंदाचा सामना तुमच्या शिट्टीने सुरू करायचा. म्हातारा काय हरखला! सोनूबाई रोज सकाळी मला त्यांच्या ओठांत धरायची. "फुंका ना जोरात!" नुसती लाळ यायची. तरी सर म्हणायचे, "मैदानात वाजंल गं."

मैदानातही नाही वाजले मी. सर गाल फुगवत होते, वारा वाकड्या ओठातून निसटत होता. समोर दोन्ही टीम उभ्या, पण एकही पोरगा हलेना. सरांची शिस्त ना! बिचारी पोरं मान राखत होती, आणि सरांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. अरे, धावा रे कुणीतरी, असं मला ओरडावंसं वाटलं.

शेवटी सरच बोबडं बोलले, "विशाल, दुसरी आण." विशाल टीमचा कॅप्टन. त्याने प्लॅस्टिकची शिट्टी आणून वाजवली. खेळ सुरू झाला. सरांनी मान वर केली नाही.

दिवाळीच्या आधी सर गेले.

परवा कॉलेजातून निरोप आला, शिट्टी द्या, काचेच्या कपाटात ठेवू. लेक चेतना चिंच घेऊन मला घासायला बसली. सोनूबाईने मला हिसकावलं.

"अगं आई, हिरवी पडलीये ती."

"पडू दे. त्यांची थुंकी वाळलीये तिच्यात. तेवढंच उरलंय माझ्याकडं."

सोनूबाई ओट्यापाशी बसून रडली. मलाही रडू आलं, पण माझ्या रडण्याला आवाज कुठला?

कॉलेजवाल्यांनो, हात जोडते, मला नेऊ नका, चकचकीत करू नका. सरांच्या ज्या फुंकेला मला आवाज देता आला नाही, ती तरी माझ्यात राहू दे.