शुक्रवारची सुट्टी

काचेच्या दाराला कुलूप होतं. तिने दोनदा टकटक केली, मग कपाळ काचेला टेकवून आत पाहिलं. खुर्च्या टेबलांखाली सरकवलेल्या, सगळे संगणक काळे. सकाळचे साडेदहा वाजले होते. या वेळी इथे माणसाला मान वर करायला फुरसत नसते, असं नवरा वीस वर्षं सांगत आला होता.

“आज बंद आहे ताई,” जिन्याजवळच्या स्टुलावरून रखवालदार म्हणाला. “शेअरबाजाराला सुट्टी.”

“सुट्टी उद्या आहे ना? शुक्रवारी?”

“होती. सरकारने एक दिवस अलीकडे ओढली. काल संध्याकाळी दलाल कंपन्यांना कळवलं. कोण हवंय तुम्हाला?”

तिने नवऱ्याचं नाव सांगितलं आणि हातातला मोबाइल दाखवला. नवरा रोजच्यासारखा आठला डबा घेऊन निघाला होता. मोबाइल घाईत ओट्यावरच राहिला होता. तपासलेली पानं छापखान्यात द्यायला तिला याच बाजूला यायचं होतं. म्हटलं, जाता जाता देऊन टाकावा.

रखवालदाराने मोबाइलकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“ते तर गेले ना इथून. नवीन यंत्रणा बसवली तेव्हा सौदे लावणारी सहा माणसं कमी केली. सव्वा वर्ष झालं असेल.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. “तुम्ही त्यांच्या घरच्या का?”

“नाही,” ती म्हणाली. “शेजारीण.”

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, पण बाहेरचं काही तिला दिसलं नाही. पगार तर दर महिन्याच्या एक तारखेला येत होता. म्हणजे तो पगार नव्हता; नोकरी जाताना मिळालेली रक्कम तो वाटीवाटीने काढून घरात ओतत होता. तेही एकवेळ ठीक. पण बाजाराच्या सुट्टीला हाच माणूस नऊपर्यंत लोळायचा, दाढी न करता बनियनवर हिंडायचा आणि म्हणायचा, “आज आपण राजे!” आणि बिचारा वर्षभर राबतो म्हणून ती त्या दिवशी चार पदार्थ जास्त करायची.

मग तिला तो मंगळवार आठवला.

तीन महिन्यांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती. डॉक्टरांनी मंगळवार दिला तेव्हा तो कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या सुट्ट्यांच्या यादीपुढे उभा राहिला होता. “पुढची सुट्टी सतरा तारखेला आहे. तेव्हा नाही का जमणार?” सतराला इस्पितळातही शस्त्रक्रिया होत नव्हत्या. “मग माझा नाइलाज आहे,” तो म्हणाला होता. “सव्वानऊ ते साडेतीन मला जागचं हलता येत नाही. एका मिनिटात लोकांचे संसार इकडचे तिकडे होतात.” तिला ते पटलं होतं. तळमजल्यावरची शिवणवाली सोबत आली. फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी होती, तर त्या बाईने ‘बहीण’ असं लिहून सही ठोकली. तो आला सव्वाचारला, ती शुद्धीवर येऊन दोन तास झाल्यावर.

आजही तो पावणेपाचला आला. डबा मोरीत ठेवला, पाय धुतले आणि हुश्श करून खुर्चीत बसला. तिने चहा पुढे केला.

“कसा होता आजचा दिवस?”

“विचारू नकोस. उघडता उघडताच आपटला. अकरापर्यंत नुसता हलकल्लोळ. फोनवर फोन. दुपारनंतर सावरला जरा.”

“आणि बंद होताना?”

“बंद होताना वर. थोडासाच, पण वर.” त्याने बशीत चहा ओतला. “अगं, मोबाइल विसरलो मी. दिवसभर चुकल्यासारखं वाटत होतं.”

तिने मोबाइल त्याच्यासमोर ठेवला.

“ऑफिसात द्यायला गेले होते. आज बाजार बंद होता.”

बशी त्याच्या ओठांशीच थांबली. मग ती खाली ठेवून तो उठला, कपाटापाशी गेला आणि यादीवर बोट टेकवून म्हणाला, “उद्या आहे. हे बघ. शुक्रवार.”

“एक दिवस अलीकडे आणली. कालच सगळ्या कंपन्यांना कळवलं म्हणे.”

त्याचं बोट यादीवरच राहिलं.

“हं,” तो म्हणाला. “मला कोण कळवणार.”

पुढचं काही तिला विचारावं लागलं नाही. पाठमोऱ्यानेच त्याने सांगितलं. पहिले दोन महिने दुसरीकडे विचारलं; या वयात कोणी दारात उभं करेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळच टळून गेली. मग रेल्वे स्टेशनची प्रतीक्षागृहं, बागा, एका मोठ्या दुकानातला जिना. सव्वानऊच्या आधी कुठेतरी जाऊन बसायचं आणि साडेतीनशिवाय उठायचं नाही, एवढं मात्र त्याने पाळलं होतं.

“आणि त्या मंगळवारी?” तिने विचारलं. “मला आत नेलं तेव्हा कुठे बसला होतात?”

त्याने यादीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

“बागेत? का जिन्यावर?”

“समोर,” तो म्हणाला.

“कशाच्या समोर?”

“इस्पितळाच्या. औषधांच्या दुकानाशेजारी कठडा आहे, तिथे. तू यायच्या आधीपासून. तुम्ही दोघी रिक्षातून उतरताना पाहिलं मी. तुझी चप्पल निसटली, ती शिवणवालीने उचलून दिली.”

दुपारभर तिने मनात शब्द जुळवून ठेवले होते. कुठेतरी झाडाखाली झोपलो होतो असं तो म्हणाला असता, सिनेमाला गेलो होतो म्हणाला असता, तरी त्यावर बोलायला तिच्यापाशी काहीतरी होतं.

“रस्ता ओलांडायचा होता फक्त,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “वर का नाही आलात?”

तो वळला. खरोखरच कोड्यात पडल्यासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं.

“येणार कसा?” तो म्हणाला. “बाजार चालू होता.”

रात्री दोघं जेवली. त्याने स्वतःचं ताट स्वतः घासलं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सकाळी ती उठली तेव्हा तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलापाशी बसला होता. पायांत मोजे होते, बूट नव्हते. तिने एकाच कपात चहा गाळला आणि उभ्याउभ्याच तो प्यायला घेतला. आठ वाजून गेले. सव्वाआठ झाले.

“मी काय म्हणतो,” त्याने सुरुवात केली, “आता घरीच—”

“आज बाजार चालू आहे ना?”

“आहे, पण...”

“मग निघा. उशीर होतोय.”

तिने बूट दाराबाहेर नेऊन ठेवले. तो खाली वाकला, बराच वेळ नाड्यांशी झटापट करत राहिला.

“आणि साडेतीनच्या आत येऊ नका,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पावलं एक मजला उतरली आणि थांबली. ती दाराला पाठ टेकून ऐकत उभी राहिली. खालून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. सव्वानऊ वाजून गेले तरी तिने कडी काढली नाही.