मला तिरका लावा!

मी बंदराच्या गोदामातला तरंगता अडसर बोलतोय. नाक मुरडू नका. दोनशे मीटर लांब, रंग नारिंगी, वर हवेचे फुगे आणि खाली पाण्यात लोंबणारी जाड झालर असा माझा थाट आहे. समुद्रात तेल सांडलं की ते पसरू नये म्हणून मला पाण्यावर अंथरतात.

निदान कारखान्यात तरी असंच सांगितलं होतं. इथे आल्यावर सात वर्षं मी गोदामात लोळत पडलो. हमालांनी माझ्यावर बसून डबे खाल्ले, एका मांजरीने माझ्यावर तीन बाळंतपणं उरकली. दर वर्षी बंदराचे साहेब यायचे, माझ्या पाठीवर थाप मारून "तयार आहे ना?" विचारायचे आणि सराव झाल्याच्या कागदावर सही ठोकून जायचे. पाणी मी कधी पाहिलंच नाही.

मग एका सकाळी जहाजाची टाकी फुटली आणि काळं तेल खाडीकडे निघालं. खाडीत एका मावशींची शिंपल्यांची शेती होती. नवरा गेल्यावर बाईने एकटीने उभी केलेली. पाण्यात दोरांच्या बारा ओळी, आणि माल काढायला जेमतेम महिना उरलेला. मावशी धापा टाकत धक्क्यावर आल्या.

"साहेब, तेल आत शिरलं तर मी संपले हो!"

"मी आहे ना, मावशी," म्हणत साहेबांनी मला खाडीच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत आडवा ताणला. रेघ मारल्यासारखा सरळ! साहेबांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. मीही फुगलो. इतक्यात भरतीचा जोर वाढला आणि तेल माझ्या झालरीखालून गुपचूप पलीकडे जाऊ लागलं. मी लाजेने लाल झालो असतो, पण आधीच नारिंगी होतो.

साहेबांनी फोन करून बोलावलेल्या तज्ज्ञ बाई दुपारी पोचल्या. आल्या त्या धक्क्यावर बसून संत्रं सोलू लागल्या. साल पाण्यात टाकायची आणि घड्याळ बघायचं!

"बाई, इथे आमच्या तोंडचं पाणी पळालंय आणि तुम्ही संत्री खाताय?" साहेब वैतागले.

"पाण्याला ओढ किती आहे ते बघतेय. एवढ्या ओढीत आडवा लावला तर तेल खालून जाणारच. तिरका लावा. तेल याच्या कडेने सरकत त्या शांत कोपऱ्यात जमेल, तिथे पंप लावू."

"पण तिरका बरा दिसत नाही हो," साहेब बोलून गेले.

मावशी कडाडल्या, "त्याला काय बोहल्यावर उभा करायचाय?"

मला तिरका लावला. तेल मुकाट्याने कोपऱ्यात गेलं आणि पंपाने ते ओढून घेतलं. मावशी महिनाभर न थांबता लगेच शिंपले काढून विकायला निघाल्या, तर बाईंनी हात धरला. "तपासणी होईपर्यंत एकही विकायचा नाही, मावशी." तीन आठवडे मावशींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी दहा ओळी सुखरूप निघाल्या. तेलाने काळ्या पडलेल्या दोन गेल्या.

आता मावशी दर महिन्याला गोदामात येतात आणि स्वतः उभ्या राहून मला पाण्यात उतरवायला लावतात. साहेब कुरकुरतात, पण येतात.

तुमच्याही बंदरात माझा एखादा भाऊ लोळत पडला असेल. त्याला एकदा पाणी दाखवा, हात जोडून सांगतो. सरावात मी चुकलो तर मावशी चार शिव्या देतात आणि पुन्हा लावायला सांगतात. त्या दिवशी चुकलो, तेव्हा मावशी संध्याकाळी नुसत्या त्या दोन काळ्या ओळी धूत बसल्या होत्या.