कठड्यावरची साडी

मावशीने गादीवर काठीचा आणखी एक रट्टा घातला आणि मान वर न करता सांगितलं, "जागा नाही. पुढं बघा."

सकाळपासून ती हेच सांगत होती. उत्सवाच्या दिवसांत त्या गावात मुंगीला शिरायला वाव नसे. देवळाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीतलं प्रत्येक घर तेवढ्यापुरतं लॉज होऊन जाई. घरची माणसं स्वयंपाकघरात पथारी पसरत आणि खोल्या यात्रेकरूंना देत. मोठ्या हॉटेलांचं भाडं ज्यांना झेपत नसे, ते पिशव्या सावरत दारोदार विचारत फिरत. मावशी त्यांना पायांवरून ओळखे. धुळीने भरलेले पाय उंबऱ्याशी थांबले की तिच्या तोंडून आपसूक 'जागा नाही' बाहेर पडे. एकदा माणसाचा चेहरा पाहिला की नाही म्हणणं जड जातं, म्हणून ती चेहऱ्यापर्यंत जातच नसे.

हे पाय मात्र हलले नाहीत.

"मावशी, आम्ही आहोत."

मावशीने वर पाहिलं. शिंपी आणि त्याची बायको. शिंप्याचे गाल आत गेले होते आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"अगं बाई, तुम्ही! उत्सवाच्या आदल्या दिवशी तुम्ही दारात नाही असं कधी झालं नाही. काल दिवसभर वाट पाहिली. म्हटलं, यंदा काही येत नाहीत."

"यांना ताप होता," बायको म्हणाली. "उतरला तसे निघालो. वरची खोली आहे ना?"

मावशी काठी भिंतीला टेकवून उगाच पदराला हात पुसत राहिली. आतून तिची सून बाहेर आली आणि पाहुण्यांना बघून जागीच थबकली.

"अहो आई, ती तर सकाळीच दिली. मास्तरांच्या कुटुंबाला. तुम्हीच म्हणालात ना, किती वेळ रिकामी ठेवायची म्हणून."

"मी म्हटलं, आणि तू लगेच ऐकलंस! एरवी ऐकतेस का?"

हा टोला एरवी हशा पिकवून गेला असता. आज कुणी हसलं नाही. शिंप्याची बायको मान मागे टाकून वरच्या सज्जाकडे बघत होती. सज्जाच्या लाकडी कठड्यावर मास्तरांच्या घरच्यांचे टॉवेल, सदरे आणि एक भलंमोठं धोतर वाळत होतं.

या जोडप्याची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, अशाच एका उत्सवात, देवळासमोरच्या रेटारेटीत त्यांची लहान मुलगी आईच्या हातातून सुटली ती सुटलीच. गल्लीतले पुरुष रात्रभर शोधत होते. पोलीस झाले, विहिरी पाहून झाल्या, देवळाच्या कर्ण्यावरून तिचं नाव घसा बसेपर्यंत पुकारून झालं. तेव्हापासून दोघं दर उत्सवाला येत, तीच वरची खोली घेत. नवरा देवळाच्या पायऱ्यांवर बसून राही आणि बायको गल्लीत. असती तर पोरगी आता लग्नाच्या वयाची झाली असती. गल्लीत लोक हळहळत आणि मग आपापल्या यात्रेकरूंमागे लागत.

सुनेला मात्र या बाईचं एक नवल वाटे. आल्या आल्या ती एक पिवळी साडी भिजवून कठड्यावर घाली, आणि ती साडी उत्सव संपेपर्यंत तिथेच राही. मावशी संध्याकाळी कपडे काढायला गेली की ही म्हणे, "राहू द्या, ओली आहे अजून." रखरखीत उन्हात साडी चार-चार दिवस ओली कशी राहते, यावरून सासू-सुनांची भरपूर करमणूक होई. सुनेने तिचं नावच 'ओली साडी' पाडलं होतं.

"गच्चीवर पत्र्याखाली सोय करून देते," मावशी म्हणाली. "नाहीतर आमच्यात, स्वयंपाकघरात. तुम्ही काय परके आहात?"

"कुठंही चालेल. खोली नाही मिळाली तरी चालेल, मावशी." बायकोने पिशवीतून ती पिवळी साडी काढलीच होती. धुऊन धुऊन तिचा रंग पार उडाला होता. "वरचा कठडा तेवढा द्या."

"कठडा? अगं, गच्चीवर दोऱ्या आहेत की. हव्या तेवढ्या घाल."

"गच्चीवरची गल्लीतून दिसत नाही."

मावशीला काही कळेना. ती सुनेकडे बघायला लागली. तेवढ्यात सज्जातून मास्तरांच्या आई डोकावल्या. त्यांचे कान चांगलेच तिखट असावेत.

"कठडा आम्ही खोलीबरोबर घेतलाय हो! आमचं एवढं मोठं कुटुंब, आम्ही कपडे काय डोक्यावर वाळवायचे?"

"एका साडीपुरती जागा द्या, आजी," शिंप्याची बायको खालून म्हणाली. तिने हात जोडले होते. साडीसाठी कुणी असे हात जोडत नाही. 

शिंपी उंबऱ्यावर बसला. त्याला धाप लागली होती.

"सांग ना त्यांना," तो म्हणाला. मग तोच बोलू लागला. "मावशी, पोरीला अक्षरं येत नव्हती. इथली घरं सगळी एकसारखी. तर देवळात जाताना हिनं पोरीला इथं, अशी गल्लीत उभी केली आणि वर बोट दाखवलं. म्हणाली, हात सुटला तर रडायचं नाही. आईची पिवळी साडी दिसेल त्या घरात शिरायचं. पोरगी हुशार होती. आम्ही देवळापर्यंत पोचेस्तोवर तिनं दहादा म्हणून दाखवलं, पिवळी साडी, पिवळी साडी." त्याने मफलरने तोंड पुसलं. "आणि नेमकी त्या दिवशी साडी वाऱ्यानं पडली. आमचं नशीब. आली असेल हो ती गल्लीत. आली असेल आणि शोधून शोधून पुढं गेली असेल."

 मावशीने भिंतीला टेकवलेली काठी उचलली, ती नीट कोपऱ्यात ठेवली, पुन्हा उचलली.

त्या दिवशी वारा नव्हता.

ते तिला लख्ख आठवत होतं. दुपार कलत होती. मिरवणूक गल्लीतून जायची होती, गुलालाने आणि धुळीने सगळ्यांचे कपडे खराब होतील म्हणून ती सज्जात गेली होती. यात्रेकरूंचे कपडे आपणहून काढून, घड्या घालून ज्याच्या त्याच्या खाटेवर ठेवणं हा तिचा फार जुना शिरस्ता. लोक त्यासाठीच तिचं नाव काढत. दुसऱ्या घरांत भिंती आणि नळ मिळतो, मावशीकडे घरपण मिळतं, असं म्हणत. ती साडी तिने दोन्ही हातांनी ओढून घेतली होती. काठ अजून दमट होते. नवीकोरी, हळदीसारखी पिवळी साडी. किती छान रंग आहे, असंही तिच्या मनात आलं होतं.

ती भिंतीला धरून आत गेली.

मास्तरांच्या आईंनी ते भलंमोठं धोतर आवरलं आणि साडीपुरता कठडा मोकळा करून दिला. साडी वर गेली. शिंप्याला सुनेने बाहेरच्या खाटेवर आडवं केलं आणि त्याच्या अंगावर चादर घातली. शिंप्याची बायको चहाचे कप विसळायला म्हणून स्वयंपाकघरात आली, तेव्हा मावशी चुलीसमोर पातेलं न ठेवताच बसली होती.

"दार लोट," मावशी म्हणाली.

तिने दार लोटलं.

"मला तुला एक सांगायचंय. ऐकलंस की तू माझ्या घरात पाणी पिणार नाहीस, पण सांगायलाच हवं."  तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहिले. "त्या दिवशी वारा नव्हता गं. ती साडी मी..."

"मला माहीत आहे," शिंप्याची बायको म्हणाली.

बाहेर कर्णा खरखरला. देवळातून कुणीतरी सांगत होतं, लाल फ्रॉकमधली मुलगी सापडली आहे, पालकांनी चौकीवर यावं. दोघी आपोआप गप्प झाल्या. नाव पुकारलं गेलं. भलतंच होतं.

"तिला शोधून शोधून थकलो आणि परत आलो, तेव्हा साडी खाटेवर होती. घडी घातलेली. पदर आत दुमडून, वर काठ बरोबर जुळवून. तशी घडी मी घालत नाही. माझ्या माहितीत कुणीच घालत नाही, तुमच्याशिवाय." ती कप विसळत होती. आवाज अगदी साधा होता. "हे तेव्हा पोलिसांकडे गेले होते. यांना मी वारा म्हणून सांगितलं."

"का गं?"

"खरं सांगितलं असतं तर हे पुन्हा तुमच्या दारात आले असते का? आणि तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही तरी मला तोंड दाखवू शकला असतात? पुढच्या वर्षी खोली दिली असतीत? काहीतरी सांगून टाळलंच असतं. मला हे दार हवं होतं, मावशी. पोरीला हेच दार ठाऊक आहे."

मावशीने पदर तोंडाशी धरला. इतकी वर्षं आपण या बाईला चहा दिला, गरम पाणी दिलं, तिच्या साडीवरून हसलो, आणि ही आपल्याला सांभाळून घेत होती, या विचाराने ती लाजेने मेल्यासारखी झाली.

"राग नाही आला तुला माझा?"

"आला की. पहिली बरीच वर्षं तुमच्या हातचा चहा घशाखाली उतरायचा नाही." तिने कप पालथे घातले. "तुम्ही वाईट थोडंच केलं होतं? माझ्या सासूनंही काढली असती. मीही दुसऱ्या कुणाची काढली असती. पण ते कळायला वेळ लागला." मग थोडं थांबून ती म्हणाली, "हे आता फार थकलेत. पुढच्या वर्षी प्रवास झेपेलसं वाटत नाही. त्याचीच काळजी आहे."

"साडी इथंच ठेवून जा," मावशी म्हणाली. "उत्सव असो, नसो. मी बघते."

शिंप्याच्या बायकोने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने चुलीवर पातेलं ठेवलं आणि चहाचं पाणी मोजून ओतलं. ते स्वतःपुरतं आणि मावशीपुरतंच नव्हतं, सुनेचंही धरलं होतं.

ऊन उतरलं तशी मावशी सवयीने सज्जात गेली. मास्तरांच्या घरचे सदरे, टॉवेल, धोतर, एकेक ओढून खांद्यावर टाकत ती कठड्याच्या टोकाला आली. साडीवर हात पडला. साडी कोरडी ठणठणीत होती, उन्हाने अजून कोमट. हात आपोआप दोन्ही काठ जुळवायला निघाले आणि तिने ते असे मागे घेतले की खांद्यावरचे कपडे खाली पडले.

मग ती वाकली आणि साडीची दोन्ही टोकं तिने कठड्याच्या दांड्यांना बांधून टाकली. गाठी ओढून पाहिल्या. एक पुन्हा बांधली.

खाली गल्ली माणसांनी तुडुंब भरली होती. दिवे लागत होते. समोरच्या दुकानाच्या पायरीशी शिंप्याची बायको उभी होती, दरवर्षी असायची तशीच. ती देवळाकडे बघत नव्हती, साडीकडेही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांतलं कोण मान वर करतं, तेवढंच बघत होती. मावशीने हे पूर्वीही पाहिलं होतं, आणि बाईला गर्दी बघायला आवडते, असं ठरवून टाकलं होतं.

आता मावशीही बघू लागली. किती मुली जात होत्या. लग्नाच्या वयाच्या, लग्न झालेल्या, कडेवर मूल असलेल्या. आजवर यातल्या कितीजणी आपल्या दारात थांबल्या असतील आणि आपण त्यांचे फक्त पाय पाहिले असतील, हे तिच्या मनात आलं.

एक मुलगी गर्दीतून बाजूला झाली. खांद्याला पिशवी, केस धुळीने पांढुरके. घरामागून घर न्याहाळत ती पुढे आली आणि मावशीच्या दाराशी थबकली. तिने मान वर केली. साडीकडे पाहिलं, मग साडीमागच्या मावशीकडे.

"मावशी, जागा आहे का हो?"

समोरच्या पायरीजवळची बाई ताठ झाली होती.

मावशीने कठडा घट्ट धरला. घरात जागा नव्हती. स्वयंपाकघरातही आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती. असल्या मुली दिवसभरात कितीतरी येऊन गेल्या होत्या, हीही कुणाची तरी लेक, कुणाची सून असणार, मागून तिचे आईवडील सामान ओढत येतच असणार. हे सगळं मावशीला कळत होतं.

"थांब," ती ओरडली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तिथंच थांब हं बाळ, हलू नकोस. मी खाली येते."

आणि पडलेले कपडे तसेच तुडवत ती जिन्याकडे धावली.